मासळीचा बर्फ आणि माणसाची पाठ

मासेमारीबंदीचे ६१ दिवस सरतात, १ ऑगस्ट उजाडतो आणि मालीम, कुटबण, शापोरा, खारीवाडा येथील धक्क्यांना पुन्हा जाग येते. दोन महिने नांगरून पडलेल्या ट्रॉलरांची इंजिने धडधडू लागतात, जाळी चढतात आणि तांडेल समुद्राकडे पाहून मनाशी हिशेब मांडू लागतो. इकडे घरोघर निराळाच हिशेब चालू असतो. शीत-कडी आणि सोबत बांगड्याचा तुकडा नसेल तर जेवण झाले असे गोवेकराला वाटतच नाही. श्रावण कडक पाळणारे आमचे वाचकही चतुर्थी आटोपली की पिशवी घेऊन मासळीबाजाराची वाट धरतात. मग वर्षभर चर्चा चालते ती दराची, आकाराची आणि टंचाईची. या चर्चेत दोन प्रश्न मात्र सहसा कोणी विचारीत नाही. जाळ्यातून आपल्या ताटात येईपर्यंत या मासळीला कोणी कसे हाताळले, हा पहिला. आणि ती वाहून आणणाऱ्या माणसाच्या पाठीचे काय झाले, हा दुसरा. आमच्या मते हे दोन्ही प्रश्न एकाच धक्क्यावर जन्मतात आणि दोहोंचे मूळही एकच आहे. म्हणून आज त्यांचा एकत्र विचार करण्याचे आम्ही योजिले आहे.

प्रारंभी थोडे दूरचे उदाहरण घेऊ. थंड प्रदेशातील ओढ्यांतून ट्राउट नावाचा मासा मिळतो. ब्रिटिशांनी विसाव्या शतकाच्या आरंभी तो काश्मीरच्या पाण्यात सोडला, पुढे हिमाचलातही तो रुजला. याला पाणी लागते ते हिमनद्यांचे, बर्फगार. तो गळाने पकडणारे हौशी लोक आपली परंपरा मोठ्या निष्ठेने पाळतात. मासा खाण्यासाठी ठेवायचा असेल तर त्याला काठावर तडफडत ठेवायचे नाही. डोक्यावर छोट्या सोट्याचा एकच नेमका घाव घालून त्याला तत्काळ संपवायचे. या सोट्याला इंग्रजीत ‘प्रीस्ट’, म्हणजे पाद्री म्हणतात. अखेरचा संस्कार त्याच्या हातून होतो म्हणून! त्यानंतर विलंब न लावता पोट चिरून आतडी काढायची, कल्ले काढायचे, पाठीच्या कण्यालगतची काळपट रक्ताची रेघ अंगठ्याच्या नखाने खरवडून टाकायची, मासा गार पाण्याने धुऊन पुसायचा आणि बर्फावर किंवा थंड सावलीत ठेवायचा. पाण्यात बुडवून ठेवायचा नाही, कारण त्याने मांस पिळपिळीत होते. जेथे हवाच गार आहे तेथे एका माशासाठी एवढी घाई आणि एवढी काळजी! आणि आमच्याकडे समुद्राचे पाणीच तीस अंशांच्या आसपास, वर डोक्यावर ऊन; तरी टनावारी बांगड्याचे ढीग उघड्यावर पडलेले असतात.

हौशी माणसाचे लाड म्हणून हे सोडून देता येणार नाही, कारण या घाईमागे पक्के शास्त्र आहे. मासा मेला म्हणजे त्याच्या शरीरातील व्यापार थांबत नाहीत. त्यांच्यावरचा अंमल तेवढा सुटतो. जे पाचकरस कालपर्यंत अन्न पचवीत होते ते आता पोटाच्या भिंतीच पचवू लागतात. भरल्या पोटी जाळ्यात सापडलेल्या बांगड्याचे आणि तारलीचे पोट थोड्या वेळात फुटते ते यामुळे. तडफडून दमलेल्या माशाच्या स्नायूंतील शक्ती आधीच संपलेली असते. तो लवकर ताठरतो आणि लवकरच सैल पडतो. त्यानंतर जंतूंचे राज्य सुरू होते. बांगडा, तारली, कुपा या माशांच्या मांसात हिस्टिडीन नावाचे द्रव्य विपुल असते. उष्णता मिळाली की काही जंतू त्याचे हिस्टामीन बनवतात. असा मासा खाल्ल्यावर काही मिनिटांत ते एकदोन तासांत चेहरा लाल होतो, अंगाला खाज सुटते, डोके ठणकते, छाती धडधडते. घरातील माणसे म्हणतात, याला बांगडा बाधतो. बहुधा बांगडा बाधलेला नसतो. बांगड्याला लागलेले ऊन बाधलेले असते. यातील खरी गोम अशी की हिस्टामीन एकदा तयार झाले म्हणजे ते उकळून जात नाही, तळून जात नाही, गोठवूनही जात नाही. धक्क्यावर घडलेली चूक सुगरणीला चुलीवर सुधारता येत नाही. सोलांचा आंबटपणा आणि मिठाचा हात चव सुधारील, विष उतरवणार नाही.

याला उपाय एकच आणि तो साधा आहे: बर्फ, आणि तोही वेळेवर. एक ग्रॅम बर्फ वितळताना ऐंशी कॅलरी उष्णता ओढून घेतो. तीस अंशांवरचा एक किलो मासा शून्यावर आणायला कागदावर सुमारे एक तृतीयांश किलो बर्फ पुरतो. पण प्रत्यक्षात बाहेरची हवा, लाकडी फळ्या आणि पेटीच्या भिंती आपला वाटा मागतच असतात. म्हणून उष्ण प्रदेशात एक किलो माशाला एक किलो बर्फ हा नियम जगभर सांगितला जातो. बर्फ बारीक हवा. मोठे ढेकूळ माशाला खरचटवते आणि त्याच्या अंगाला नीट भिडतही नाही. खाली बर्फ, वर माशांचा पातळ थर, पुन्हा बर्फ, अशी रचना हवी आणि वितळलेले पाणी वाहून जायला वाट हवी. बर्फ पिण्यायोग्य पाण्याचाच असला पाहिजे हे वेगळे सांगायला नको. यात न समजण्यासारखे काय आहे? काहीच नाही. पण कळते ते वळत नाही, ही आमची जुनी व्यथा आहे.

पूर्वी ही अडचण एवढी जाणवत नव्हती, कारण समुद्र आणि चूल यांतले अंतरच कमी होते. पहाटे रापण ओढली जाई, मासळी वाळूवर जिवंत उसळ्या मारी आणि दुपारच्या आत ती गावात खपून जाई. बर्फाची गरज काळाने भागवली जात होती. यंत्रनौका आल्या आणि गणित पालटले. रापणकारांनी सत्तरच्या दशकात ट्रॉलरांविरुद्ध झुंज दिली, तिच्या पाठोपाठ १९८० चा सागरी मासेमारी नियमन कायदा आला, हा इतिहास वाचकांना ठाऊक आहे. त्या लढ्यात किनाऱ्यापासूनच्या अंतराची आणि मासळीच्या साठ्याची चर्चा भरपूर झाली. मासळी धरल्यानंतर तिचे काय होते याची चर्चा मात्र राहून गेली. आज ट्रॉलर काही दिवस समुद्रात राहतात. पहिल्या दिवशी मिळालेला मासा आणि शेवटच्या दिवशी मिळालेला मासा एकाच दिवशी एकाच ढिगात धक्क्यावर उतरतो. त्या दोघांत फरक राहतो तो होडीच्या पोटातल्या बर्फाने. आणि बर्फाला पैसे पडतात, जागा लागते. तेवढ्या जागेत आणखी मासा बसतो.

हा मोह पुढे कोठवर नेतो ते २०१८ साली आपण पाहिले. त्या वर्षीच्या जुलैमध्ये मडगावच्या घाऊक बाजारात आलेल्या मासळीत फॉर्मेलिन असल्याच्या संशयाने सारा गोवा हादरला. शासनाला परराज्यांतून येणारी मासळी काही काळ बंद करावी लागली, विधानसभेत वादळ उठले आणि कित्येक घरांत महिनोन् महिने मासा शिजला नाही. फॉर्मेलिन म्हणजे वैद्यकीय महाविद्यालयांत मृतदेह टिकवण्यासाठी वापरतात ते द्रावण. त्यातील फॉर्मल्डिहाइड हे माणसात कर्करोग घडवणारे द्रव्य आहे, असा निर्वाळा आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने २००४ साली दिला. समुद्री माशांत ते निसर्गतः अल्प प्रमाणात तयार होते हे खरे. पण ताज्या माशावर ते बाहेरून घालण्यास कायद्याने मुळीच मुभा नाही. कोचीच्या केंद्रीय मात्स्यिकी तंत्रज्ञान संस्थेने ते जागच्या जागी ओळखणाऱ्या कागदी पट्ट्याही तयार केल्या. हे सर्व योग्यच झाले. परंतु त्या गदारोळात एक साधी गोष्ट नजरेआड झाली. व्यापाऱ्याला अशा द्रव्याची आठवण का व्हावी? बर्फाला हा स्वस्त आणि चोरटा पर्याय वाटतो म्हणून. जेथे बर्फ मुबलक, स्वच्छ आणि वेळेवर मिळतो तेथे या पापाचे प्रयोजनच उरत नाही. नाकेबंदी आणि तपासणी हवीच, पण बर्फाचा कारखाना ही त्याहून मोठी तपासणी आहे.

आता दुसऱ्या प्रश्नाकडे वळू. भल्या पहाटे एखाद्या धक्क्यावर जाऊन उभे राहावे. होडीच्या पोटातून प्लास्टिकचे क्रेट वर येतात, एकाच्या हातातून दुसऱ्याच्या हातात जातात, धक्क्यावरून ओढले जातात, टेंपोत चढतात. भरलेल्या, पाण्याने निथळणाऱ्या त्या क्रेटचे वजन कोणी मोजत नाही. खाली जमीन मासळीच्या पाण्याने निसरडी झालेली, वर होडी लाटेबरोबर हलणारी, आणि मध्ये कमरेत वाकलेला, अंग पिळून क्रेट फिरवणारा माणूस. तो बहुधा ओडिशाचा, झारखंडचा, कर्नाटकाचा किंवा आंध्रचा असतो. बाजारात त्याच मासळीची पाटी डोक्यावर घेणारी बाई आपल्याच गावातील असते. तरुणपणी दोघांनाही काही जाणवत नाही. चाळिशी ओलांडली की कंबर धरते, मग पायात कळ उतरते, मग गोळी, मग पट्टा, मग अंगारा. आणि एके दिवशी तो खलाशी परत येत नाही. त्याच्या जागी दुसरा तरुण उभा राहतो आणि धक्क्याला पहिल्याची आठवणही राहत नाही.

पाठीचा कणा वजन पेलण्यासाठीच घडलेला आहे. पण ते त्याच्या रेषेत आले तर. मणक्यांमध्ये कूर्चेच्या गाद्या असतात. १९६० च्या दशकात स्वीडनचे अस्थिशल्यविशारद आल्फ नाकेमसन यांनी या गाद्यांत सुई घालून दाब मोजला. उभ्या माणसापेक्षा वाकलेल्या आणि वाकून ओझे धरलेल्या माणसाच्या गादीवर दाब कितीतरी वाढतो, हे त्यांनी दाखवून दिले. वाकण्याला पीळ जोडला म्हणजे तर धोका आणखीच वाढतो. आणि क्रेट उचलून बाजूला देणे म्हणजे वाकणे अधिक पीळ. रात्रभर झोपल्यावर या गाद्या पाणी शोषून फुगलेल्या असतात, त्यामुळे झोपेतून उठल्यानंतरच्या पहिल्या तासात वाकणे त्यांना विशेष जाचते. मासळीबाजाराचे काम नेमके त्याच वेळी सुरू होते! डोक्यावरच्या पाटीची गोष्ट थोडी वेगळी आहे. पाटी डोक्यावर असताना ओझे कण्याच्या रेषेत येते. मान शिणते, पण कंबर वाकत नाही. धोका असतो तो पाटी जमिनीवरून उचलताना आणि उतरवताना. आपल्या बाया पाटीला दुसरीचा हात लावून घेतात, या जुन्या रीतीत शरीरशास्त्राचे मोठे शहाणपण आहे. धक्क्यावरच्या घाईत तेच लोपले.

ओझ्याला मर्यादा असावी हा विचारही नवा नाही. आपल्याकडील १९४८ च्या कारखाने कायद्याने इजा होईल एवढे ओझे कोणाला उचलायला लावू नये, हे तत्त्व घालून दिले होते. आंतरराष्ट्रीय श्रमसंघटनेने १९६७ साली प्रौढ पुरुषासाठी ५५ किलो ही कमाल मर्यादा सुचवली. अमेरिकेच्या व्यावसायिक आरोग्य संस्थेने १९९१ मध्ये सुधारलेल्या सूत्रात तर सर्व परिस्थिती अनुकूल असतानाही २३ किलोंपासूनच हिशेब सुरू केला आहे. वाकणे, वळणे, निसरडी जमीन, एकसारखी उचल यांनी तो आकडा खालीच येतो. धक्क्यावर यांतली एकही गोष्ट अनुकूल नसते.

येथे एक विसंगती आमच्या मनात राहून राहून येते. पणजीत, मडगावात, म्हापशात गल्लोगल्ली व्यायामशाळा निघाल्या आहेत. संध्याकाळी तेथे सुखवस्तू घरांतील तरुण पैसे मोजून लोखंड उचलतात. त्यात डेडलिफ्ट नावाचा एक प्रकार असतो. जमिनीवरचे वजन उचलून उभे राहायचे, एवढेच. म्हणजे धक्क्यावरचा हमाल दिवसभर करतो तेच! फरक इतकाच की व्यायामशाळेत शिक्षक शेजारी उभा असतो. तो सांगतो, पाठ सरळ ठेवा, कमरेत गोल होऊ नका, खुब्यातून झुका, वजन पायांजवळ ठेवा, पोट आवळा, आणि आज दहा वेळा झाले, आता पुरे. वजन हळूहळू वाढवले जाते, मध्ये विश्रांती असते, जमीन कोरडी असते. ज्याला याची चैन म्हणून गरज आहे त्याला ज्ञान विकत मिळते. ज्याचे पोट त्यावर चालते त्याला ते फुकटही कोणी देत नाही.

आणि हे ज्ञान द्यायला अवघड नाही. कॅनडातील वॉटर्लू विद्यापीठाचे स्टुअर्ट मॅकगिल यांनी पाठीच्या यांत्रिकीचा आयुष्यभर अभ्यास केला. पोट कमावण्यासाठी धडाधड उठाबशा काढल्याने दुखऱ्या पाठीचे नुकसानच होते, असे सांगून त्यांनी तीन साधे व्यायाम पुढे ठेवले. पहिला उताणे झोपून: एक गुडघा वाकवायचा, कमरेच्या खोबणीत हात ठेवायचे आणि डोके व खांदे जमिनीपासून किंचित उचलायचे. दुसरा कुशीवर: कोपरावर आणि गुडघ्यांवर, पुढे पावलांवर, अंग फळीसारखे ताठ धरायचे. तिसरा हाता-गुडघ्यांवर ओणवे होऊन: उजवा हात आणि डावा पाय सरळ रेषेत लांबवायचे, मग अदलाबदल. प्रत्येक वेळी आठ-दहा सेकंद थांबायचे, श्वास कोंडायचा नाही. यांना यंत्र नको, लोखंड नको. एक चटई पुरे. जोडीला चालणे. जागतिक आरोग्य संघटनेच्या हिशेबाने २०२० मध्ये जगात सुमारे ६१ कोटी ९० लाख लोक कंबरदुखीने पीडित होते. डिसेंबर २०२३ मध्ये या संघटनेने जुनाट कंबरदुखीविषयी मार्गदर्शन केले तेव्हा व्यायाम आणि रुग्णाला समज देणे यांवर भर दिला. नित्याचे कमरपट्टे आणि ताण लावणे यांची शिफारस करता येत नाही असेही सांगितले. आमच्याकडे मात्र कंबर दुखली की प्रथम पट्टाच आठवतो. अर्थात पायातील शक्ती गेली, मांड्यांमधील जागा बधिर झाली, लघवीवरचा ताबा सुटला किंवा दुखण्याबरोबर ताप आला, तर व्यायामाच्या नादी न लागता तडक इस्पितळ गाठले पाहिजे.

पण एक गोष्ट स्पष्ट सांगितली पाहिजे. व्यायामाने पाठ बळकट होते, याचा अर्थ तिच्यावर वाटेल तेवढे ओझे लादायला परवाना मिळाला असा नव्हे. क्रेट जड ठेवायचा आणि हमालाला योगासने शिकवायची, हा उपकाराचा देखावा ठरेल. मासा उन्हात टाकून मग त्यावर द्रावण शिंपडणे आणि माणूस ओझ्याखाली वाकवून मग त्याला पट्टा बांधणे, या दोन्ही कृती एकाच वृत्तीच्या आहेत. आरंभीची स्वस्त काळजी घ्यायची नाही आणि शेवटी महागडे सोंग करायचे! म्हणूनच दोन्ही प्रश्नांचे मूळ एक आहे असे आम्ही प्रारंभी म्हटले. आणि दोन्ही रोग एकमेकांना पोसतात. जड क्रेटमध्ये तळचा मासा चेपतो आणि उचलणारा माणूसही मोडतो. हलका, उथळ, बर्फाने भरलेला क्रेट माशालाही मानवतो आणि माणसालाही.

तेव्हा करायचे काय? प्रत्येक धक्क्यावर पिण्यायोग्य पाण्याचा बर्फ आणि तो बारीक करणारे यंत्र असावे. मासळी जमिनीवर न ओतता उंच ओट्यावर, छपराखाली उतरवली जावी. माणसाला कमी वाकावे लागेल आणि माशाला ऊन कमी लागेल. क्रेटवर भरण्याची रेघ आखावी, बर्फासकट वजन पंचवीस किलोंच्या आत राहावे आणि दोन मुठी असल्याशिवाय क्रेट वापरू नये. उतरत्या फळ्या आणि चाकांच्या गाड्या हे काही चंद्रावरचे तंत्र नाही. २०२० मध्ये सुरू झालेल्या प्रधानमंत्री मत्स्यसंपदा योजनेत बर्फाचे कारखाने आणि शीतवाहने यांसाठी साहाय्याची तरतूद केली गेली. अशा योजनांचा पैसा होड्या वाढवण्याआधी धक्क्यांवर दिसला पाहिजे. हंगामाच्या पहिल्या आठवड्यात, खलाशी गावाहून परतल्यावर, बांबोळीच्या गोवा वैद्यकीय महाविद्यालयातील तज्ज्ञांनी प्रत्येक धक्क्यावर तासभर जावे आणि उचलावे कसे, झुकावे कसे, हे हिंदीत, ओडियात, कन्नडमध्ये करून दाखवावे. मासळीबाजारातील बायांसाठी तेच बाजारातच व्हावे. यात कोटींचा प्रश्न नाही, इच्छेचा आहे.

राहिला प्रश्न आपला, खाणाऱ्यांचा. या साऱ्यात आपणही निर्दोष नाही. बर्फातला मासा म्हणजे शिळा मासा, ही समजूत गोवेकराच्या मनात घट्ट बसली आहे. गिऱ्हाईक बर्फ पाहून नाक मुरडते, म्हणून विकणारी बाई बर्फ बाजूला सारून मासे फळीवर उघडे मांडते आणि वरून पाणी शिंपडून त्यांना चकाकी आणते. आपल्या हट्टापायी ताजा मासा आपल्याच डोळ्यांदेखत शिळा होतो. कल्ला उघडून लाल आहे की नाही ते अवश्य पाहावे, डोळा पाहावा, बोटाने दाबून पाहावे. पण त्यासोबत बर्फही पाहावा आणि बर्फ ठेवणारीचा आदर करावा. मासे घेतल्यावर पिशवी गाडीला अडकवून तासभर गप्पा मारीत हिंडू नये. घरी येताच ते साफ करून शीतकपाटात ठेवावेत. ट्राउट धरणारा हौशी माणूस ओढ्याकाठी जी घाई करतो तीच ही घाई आहे.

आणि पाटी उतरवताना त्या बाईला एक हात द्यावा. आपल्या घरी मासळी पोचते ती कोणाच्या तरी पाठीवरूनच. माशाचे डोळे निरखून पाहणाऱ्या आपल्याला त्या पाठीकडेही पाहता आले पाहिजे.